भोईरकाकांची तिसरी ओळ

भोईरकाकांच्या दारावर, बेलच्या बरोबर खाली, एक कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर शाळेतल्या सुविचारासारख्या सुबक अक्षरात लिहिलं होतं:

"काय: बेल. कधी: मी घरात असताना, एकदा दाबावी. कधी नको: दुपारी एक ते तीन. तसेच एकदा दाबून झाल्यावर पुन्हा दाबू नये. गुडघे माझे आहेत, बेलचे नाहीत."

बरं, हे फक्त बेलचं झालं. आत गेलात की पंख्याच्या बटणाला कार्ड, गॅसच्या शेगडीला कार्ड, औषधाच्या डब्याला कार्ड. साखरेच्या डब्यावरच्या कार्डाची तिसरी ओळ अशी होती: "कधी नको: सुषमा आलेली असताना." सुषमा म्हणजे त्यांची मुलगी. नाशिकला नर्स आहे. काकांना डायबेटिस होता आणि सुषमाताईंच्या समोर चमचाभर साखर घेण्याची काय, साखरेकडे बघायचीही त्यांची हिंमत नव्हती.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा इतका हसलो की काका चिडले. "हसतो काय? समज मी उद्या नसलो, आणि दुसऱ्याच माणसाला हा गॅस पेटवायचा आला, तर?" म्हटलं, "काका, गॅस सगळ्यांना पेटवता येतो." तर म्हणाले, "ह्याचं डावीकडचं बटण उलटं फिरतं. येतं तुला?" खरंच उलटं फिरत होतं.

रघुनाथ भोईर हे त्यांचं नाव. मूळचे पालेगावचे. घरची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगा झाल्यात. काका एका टॉवरच्या पार्किंगकडे बोट दाखवून "इथं आमचं खळं होतं" असं सांगायचे, आणि वॉचमन त्यांना तिथून हाकलायचा. पुढे ते बदलापूरला हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. अंबरनाथ एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारी आमची एक छोटी कंपनी आहे, तिथे ते चौतीस वर्षं स्टोअरकीपर. आणि मी संदीप, त्याच कंपनीचा कंप्युटर विभाग. विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. काका मला "ए कंप्युटर" अशीच हाक मारायचे.

आता स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला, म्हणजे 'बिन'ला, एक बिनकार्ड लटकवलेलं असतं. माल किती आला, किती गेला, किती उरला, एवढंच त्याच्यावर लिहायचं असतं. सगळं जग एवढंच लिहितं. काका मात्र कार्ड उलटं करून मागे तीन ओळी लिहायचे: काय, कधी, कधी नको. बोलायचे ते गावाकडचं, पण कार्डावर भाषा अशी की जणू कलेक्टर वाचणार आहे. एका काळ्या रबरी सीलचं कार्ड मला अजून पाठ आहे. "कधी: पाण्याच्या पंपास. कधी नको: थिनरच्या पंपास. दोन दिवसांत पुरीसारखा फुगतो आणि शिफ्टवाले माझ्या नावाने शिव्या देतात."

हे सगळं कोणासाठी? तर बदलीसाठी. कायमचा कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी एक दिवसापुरता जो येतो, तो बदली. काका तरुणपणी तीन वर्षं बदली होते. ते म्हणायचे, "कायमचा माणूस विचारतो रे. बदली विचारत नाय. त्याला वाटतं, विचारलं तर म्हणतील ह्याला काय येत नाय, उद्या बोलवणार नाय. म्हणून तो अंदाजानं करतो. आणि अंदाज लय ऐटीत करतो." काकांचा सगळा जन्म त्या न विचारणाऱ्या माणसासाठी लिहिण्यात गेला.

आणि मग आमच्याकडे एआय आला.

आमचे किशनशेठ उल्हासनगरचे सिंधी. मीही उल्हासनगरचाच, चार नंबर कॅम्पातला, त्यामुळे आमचं दोघांचं मस्त जमतं. ते सिंधीमिश्रित हिंदी बोलतात, मी हिंदीमिश्रित मराठी. एक दिवस केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "साईं, सब लोग एआय लगा रहे हैं. अपने को भी लगाने का." मी म्हटलं, "किसलिए?" तर म्हणाले, "वो तू देख ना, तेरे को पगार किसलिए देता हूं?"

झालं. मी एक एजंट बसवला. एजंट म्हणजे काय, तर गिऱ्हाईक किंवा आपला फिटर मोबाईलवर साध्या भाषेत मेसेज टाकणार, "अमुक पंपाचा सील हवा," आणि तो स्वतः साठा बघणार, माल राखून ठेवणार, तारीख देणार. ह्या एकेका कामासाठी त्याच्या हातात आपण एकेक टूल द्यायचं असतं. टूल आतून कसं चालतं ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव आणि आपण त्याच्याखाली लिहिलेलं चार ओळींचं वर्णन. तेवढं वाचून तो ठरवतो, कुठलं कधी उचलायचं. तेव्हा खरी मेख त्या वर्णनात असते. हे मला आता कळतं. तेव्हा मी ते वर्णन, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव टाकावं, तसं जाता जाता लिहायचो.

काका चहा घेऊन माझ्या मागे उभे होते. स्क्रीनवर मी लिहिलं होतं: "साठा बघा: साठा दाखवतो."

"हे काय?"

"टूलचं वर्णन."

"हे वर्णन? म्हणजे तुमचं नाव काय, तर गणपत. आणि गणपत म्हणजे कोण, तर गणपत." त्यांनी खुर्ची ओढली. "कुठला साठा? रॅकवरचा का गोडाऊनचा? राखून ठेवलेला धरून का सोडून? आणि नाय सापडला तर काय सांगणार तो? शून्य हाय सांगणार का माहीत नाय सांगणार? शून्य वेगळं आणि माहीत नाय वेगळं."

मी म्हटलं, "काका, तो हुशार आहे. त्याला समजतं."

"विचारतो का?"

"अं?"

"नाय समजलं तर तुला विचारतो का? का अंदाजानं करतो?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बऱ्याचदा अंदाजानं करतो.

"आणि ऐटीत?"

"फुल ऐटीत."

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अरे, म्हणजे बदली हाय तो!" त्या दिवसापासून आमच्या एजंटचं नाव बदली पडलं. शेठनी त्याला ठेवलेलं इंग्रजी नाव शेठ सोडून कोणी घेतलं नाही.

मी काही लगेच सुधारलो नाही. तारखेच्या टूलला मी लिहिलं होतं, "माल नेण्यासाठी पुढचा कामाचा दिवस देतो." झकास वाक्य. आता आमच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी असते शुक्रवारी. रविवारी आम्ही घाम गाळतो. हे इथल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत आहे, पण बदलीला कोण सांगणार? त्याने जगाच्या रीतीने रविवार सोडला आणि लोकांना शुक्रवार दिला. मुरबाडहून दोन टेम्पो येऊन बंद गेटासमोर भर उन्हात उभे. ड्रायव्हरने शेठना फोन केला, शेठनी मला केला, आणि मी बायकोच्या माहेरी पाटावर बसलेला. ताट तसंच टाकून उठलो.

शनिवारी काकांना सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले. "त्याची काय चूक? आपला रविवार शुक्रवारी असतो, हे त्याच्या कार्डावर कुठं हाय?" मग डोळे पुसत म्हणाले, "कंप्युटर, काय करतो ते कोणी पण लिवतं. कधी नाय करायचं, ते लिव. तिसरी ओळ नसलेली वस्तू जगात नाय."

मग मी शहाण्यासारखा त्यांच्याकडून सगळ्या टूलची वर्णनं लिहून घेतली. "हे टूल फक्त बघण्यासाठी आहे, ह्याने माल राखला जात नाही." "ग्राहकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय हे वापरू नये. 'बघतो', 'सांगतो', 'चालेल बहुतेक' म्हणजे हो नव्हे." बदली एकदम सुतासारखा सरळ झाला. शेठ खूश. मला शाबासकी मिळाली, ती मी खिशात घातली. काकांचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

काका रिटायर झाले त्याच वर्षी. जाताना एकच मागणं मागितलं: सगळ्या बिनकार्डांच्या मागच्या ओळी बदलीला द्यायच्या. चार हजारांवर कार्डं, तेलकट, काहींची शाई फिसकटलेली, ती त्यांनाच वाचता यायची. म्हणून दर शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन हेंद्रेपाड्याला जायचो. ते सांगायचे, मी टाईप करायचो. प्रत्येक भागाला जोडलेली शेऱ्याची वेगळी नोंद म्हणून ते बसायचं. वर्ष गेलं त्यात.

त्यांच्या हातचा चहा म्हणजे शिक्षा होती. एकदा मी तसं बोललो. तर म्हणाले, "ह्या स्वयंपाकघरात बदली मी हाय रे. कायमची होती ती गेली." काकू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. "चौतीस वर्षं मी जगाला कार्डं लिवली, पण हिला कधी विचारलं नाय की हिंग किती, कोकम कधी. तिनं एक कार्ड मागं ठेवलं नाय. सगळं घेऊन गेली." आणि लगेच, "हं, लिव. पुढचं. पितळी बुश, पाऊण इंची." मी लिहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस मला सुट्या भागांची माहिती देत नाहीये, स्वतःला पुसलं जाण्यापासून वाचवतोय. ते कळेपर्यंत पुसून टाकायचं काम मीच केलं.

त्याचं असं झालं. गुरुवारची दुपार होती, उद्याची सुट्टी डोक्यात होती. शेठ म्हणाले, सिस्टीम स्लो चालतेय, जुना कचरा काढून टाका. मी बदलीला एक नवं टूल दिलं. वर्णन लिहिलं: "जुन्या, न वापरलेल्या नोंदी काढून टाकतो." एक ओळ. तिसरी ओळ सोडाच, दुसरीही नाही. टेस्ट केलं, चाललं, मी घरी निघालो. शेठनी मेसेज टाकला, "पुराना कचरा साफ करो." बदलीने केला.

नोंदीत शेवटचा बदल कधी झाला, एवढंच त्या टूलला दिसत होतं. काकांच्या शेऱ्यांत बदल कशाला होईल? ते पहिल्याच वेळी बरोबर होते. सगळे गेले. बदलीने अदबीने कळवलं, "काम पूर्ण झालं."

आम्हाला कळलं दोन आठवड्यांनी, जेव्हा त्याने थिनरच्या पंपाला तोच काळा सील पाठवला आणि तो फुगला. बॅकअप होता, पण त्याच्यावर दर आठवड्याला नवा चढायचा. कागदी कार्डं टाईप झाल्यावर शेठनी रॅक रंगवून घेतले होते आणि कार्डं रद्दीत गेली होती. मी टेबलावर डोकं ठेवून बसलो. शेठ शिव्या देतील म्हणून नाही. शेठ "जाने दे साईं, फिर से बना लेंगे" म्हणून मोकळे झाले. मला काकांच्या त्या अडीच खोल्यांतला शुक्रवार दिसत होता.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. नेहमीचा प्रश्न. "काय रे कंप्युटर, बदली वाचतो ना माझं?"

मी म्हटलं, "वाचतो ना काका. रोज वाचतो."

काका म्हणाले, "बरं. शुक्रवारी ये." मी म्हटलं, येतो.

गेलो नाही. त्या शुक्रवारी नाही, पुढच्याही नाही. कधी बायकोला बरं नाही, कधी पाहुणे. थापांना काय तोटा? पुढे पुढे मी फोनच उचलेनासा झालो. कोणत्या तोंडाने समोर जाणार, अशी माझी गत. साधं "काका, चुकलो" म्हणायचं होतं, तेवढंही जमेना. तीन महिन्यांनी एकदा मन घट्ट करून गेलो. दोन जिने चढलो. बेलवर बोट ठेवणार तेवढ्यात कार्डाकडे लक्ष गेलं: दुपारी एक ते तीन दाबू नये. घड्याळात दोन वाजत होते. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! म्हातारा माणूस झोपला असेल, उगाच उठवायचं कशाला, असं स्वतःला बजावत मी पाय न वाजवता खाली उतरलो. रिक्षात बसल्यावर स्वतःची लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी काका गेले. हार्ट. सकाळी दूधवाल्याने बेल दाबली, पुन्हा दाबली.

दिवस झाल्यावर सुषमाताईंचा फोन आला. "बाबांचं घर आवरतेय. तुमच्या नावाचं काही आहे, घेऊन जा." मी गेलो. दार उघडंच होतं. त्या फरशीवर बसून कार्डं काढत होत्या, साखरेच्या डब्यावरचं हातात होतं. मला वाचून दाखवलं आणि हसता हसता रडायला लागल्या.

मग त्यांनी फरसाणचे तीन मोठे डबे पुढे सरकवले. आत कार्डं. नवी कोरी, दुकानातून आणलेली, त्याच सुबक अक्षरात भरलेली. बुश, सील, गास्केट, बेअरिंग. आठवून आठवून लिहिलेली. अक्षर मध्ये मध्ये थरथरलेलं. शेवटचं कार्ड "कधी नको:" पाशी थांबलं होतं, पुढे काही नव्हतं.

"रोज दुपारी लिहीत बसायचे," सुषमाताई म्हणाल्या. "मी नाशिकहून फोनवर ओरडायची, झोपा जरा. तर म्हणायचे, झोपतो कसला, काम हाय. तुमच्या शेठचा फोन आला होता ना, काहीतरी सगळं पुसलं गेलं म्हणून. त्याच दिवशी सुरू केलं त्यांनी. दुपारीच आला होता फोन."

दुपारी. आणि मला काकांचा फोन आला होता तो त्याच दिवशी संध्याकाळी.

पहिल्या डब्याच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलेलं होतं. "काय: जुने शेरे, पुन्हा लिहिलेले. कधी: संदीप येईल तेव्हा द्यावेत. कधी नको: गेले कसे, ते त्याला विचारू नये."

मी तिथेच बसलो. सुषमाताईंनी पाणी दिलं. त्यांना काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. बहुधा त्यांनी ते कार्ड आधीच वाचलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "थांबा, ही राहिली." दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक किल्ली टांगलेली होती. दोऱ्याला बिनकार्ड. तुमच्या हातात द्यायची म्हणून बाबांनी करून घेतली होती, म्हणाल्या, तुम्ही आलातच नाही. मी जिन्यात येऊन ते वाचलं, बेलच्या समोरच, जिथून दोन वाजता पाय न वाजवता उतरलो होतो.

"काय: या घराची दुसरी किल्ली, संदीपची. कधी: केव्हाही. कधी नको: असे काही नाही. दुपारी एक ते तीनसुद्धा यावे, मी जागा असतो."